सड्याचा उतार

मीटरवर ऐंशीचा आकडा उमटला तेव्हा जोतिरामने प्लग काढण्यासाठी हात पुढे केला, आणि मी तो हात मध्येच धरला. सदर प्रसंगातील माझी चूक तेथून सुरू होते. ती मी पूर्ण शुद्धीत, पोटभर जेवण झाल्यावर, चार माणसांसमक्ष केली.

आम्ही त्या वेळी सड्यावर होतो. डोंगराच्या माथ्यावर जी विस्तीर्ण सपाटी असते तिला आमच्या पाटण भागात सडा असे म्हणतात. जोतिरामची थोरली बहीण हौसाक्का ही तेथील वाघजाईवाडीत दिलेली आहे. जोतिराम हा पोस्टात डाकसेवक. खालच्या बाजारगावातून निघून डोंगरातील पाच वाड्यांना टपाल पोचवणे हे त्याचे काम, आणि त्या कामासाठी त्याने दोन महिन्यांपूर्वी बॅटरीवर चालणारी स्कूटर घेतली होती. मी केरबा, त्याच बाजारगावात दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज चालवतो. आठवीनंतर शाळा सुटली व हाती पाना आला, तो आजतागायत सुटलेला नाही. पेट्रोलची गाडी दारात येण्यापूर्वीच तिच्या आवाजावरून मी तिचे दुखणे सांगू शकतो. जोतिरामची गाडी मात्र आवाजच करीत नसे. त्यामुळे माझे व तिचे पहिल्या दिवसापासून जुळले नाही.

ही गाडी दोन माणसांना घेऊन सड्याचा घाट चढणार नाही, असे मी चहाच्या हॉटेलात चारचौघांसमोर बोलून गेलो होतो. तो शब्द खोडून काढण्यासाठीच जोतिरामने फेब्रुवारीतील त्या रविवारी मला मागे बसवून वर आणले होते. गाडी चढली होती. माझे वजन तेव्हा नव्वद किलो होते, तरी ती चढली. वाटेत एके ठिकाणी लहानसा उतार लागला असता त्याने मूठ सोडून दाखवली. ब्रेकला बोटही न लावता गाडीचा वेग आपोआप कमी झाला, जणू कोणी मागून तिला धरून ओढीत होते. उतारावर मोटर उलटी काम करते आणि तीच वीज पुन्हा बॅटरीत भरली जाते, असे त्याने मला अभिमानाने समजावले. मी नाइलाजाने मान डोलावली आणि मनात म्हणालो की हा एक प्रकारचा गिअरच झाला.

तर वर पोचल्यावर हौसाक्काच्या पडवीत गाडी चार्जिंगला लावली, आम्ही जेवलो, आणि तीन तासांनी ऐंशीचा आकडा आला.

"बास झालं," जोतिराम म्हणाला. "शोरूमवाला म्हणालाय, वर डोंगरात गाडी शंभर करायची न्हाय. उताराला लागायच्या आधी बॅटरीत थोडी जागा ठेवा म्हणं."

"जागा कशाला? त्यात काय गवत भरायचं हाय?"

तो हसला आणि आपल्यालाही ते नीट उमगले नव्हते असे त्याने कबूल केले. मग मी माझा बावीस वर्षांचा अनुभव सांगितला. घाटाला लागण्यापूर्वी टाकी पूर्ण भरावी, चाकातील हवा पाहावी, ब्रेक आवळून घ्यावेत. गाडी पेट्रोलवर चालो वा विजेवर, डोंगर तोच राहतो. हौसाक्काचे यजमान आनंदराव दाजी यांना माझे म्हणणे फार पटले. आपल्या दारातून आजवर कोणी अर्धवट गेलेला नाही, मग मेव्हण्याची गाडीच अर्धवट का जावी, असे ते म्हणाले. हौसाक्काने तर ऐकूनही घेतले नाही. सड्यावरील घरांत अशी रीत आहे की माहेरचे माणूस परत निघाले म्हणजे त्याच्यासोबत जे भांडे किंवा पिशवी असेल ती काठोकाठ भरून द्यायची. उणी दिली तर बहिणीच्या घराला कमीपणा येतो. ती आत पंचवीस किलो नाचणी पोत्यात भरीत होती. तिने आतूनच सांगितले की भरू द्या, घाई कसली आहे.

जोतिराम स्वभावाने गरीब. त्याने हात मागे घेतला. चार वाजण्याच्या सुमारास मीटरवर शंभर आकडा उमटला, नाचणीचे पोते पुढे पाय ठेवण्याच्या जागी उभे केले, आणि आम्ही निघालो.

सड्यावरून खाली येणारा घाट सात किलोमीटरचा असून त्यास अकरा वळणे आहेत. ऊन स्वच्छ होते. गवत वाळून पिवळे पडले होते आणि पवनचक्क्यांची पाती दूरवर सावकाश फिरत होती. पहिल्या वळणानंतर उतार सुरू झाला. जोतिराम काही बोलत नव्हता, म्हणून मीच त्याला डिवचले की आता दाखव तुझा तो मागे ओढणारा चमत्कार.

"केरबा," तो म्हणाला, "गाडी धरंना."

"म्हंजे?"

"मूठ कवाच सोडलीया. मोटर मागं ओढतच न्हाय."

मी त्याच्या खांद्यावरून मीटरकडे पाहिले. शंभर. आणि त्या क्षणी शोरूमवाल्याच्या बोलण्याचा अर्थ मला समजला. उतरत्या गाडीचा सारा जोर वीज होऊन बॅटरीत जायचा असतो. बॅटरीत जागाच उरली नसेल तर मोटर ती वीज घेणार नाही, आणि ती वीज घेणार नसेल तर गाडीला मागे ओढणारे काहीही शिल्लक राहणार नाही. ती जागा मी माझ्या हाताने भरून टाकली होती. पेट्रोलची गाडी असती तर दुसऱ्या गिअरमध्ये टाकून डोळे झाकून उतरवली असती. माझे सारे ज्ञान गिअरमध्ये होते, आणि या गाडीस गिअर नव्हता.

हे मी जोतिरामला सांगितले नाही. मी म्हणालो की ब्रेक आहेत ना, ब्रेकवर उतरव, एकदम दाबून धरू नकोस, दाब आणि सोड.

तिसऱ्या वळणापर्यंत सर्व ठीक चालले. तदनंतर मला तो वास आला. ब्रेकचे लायनर तापून करपू लागले म्हणजे एक आंबूस, घसा धरणारा वास सुटतो. गॅरेजमध्ये तो वास मी हजार वेळा घेतला असेल. परंतु तेथे गाडी स्टँडवर उभी असते. आपण त्याच गाडीवर बसलेलो असताना तो वास येणे ही गोष्ट निराळी.

जोतिरामने विचारले की थांबू या का, ब्रेक निवू द्यावेत. त्या वेळी ब्रेक अजून लागत होते. थांबता आले असते. मी म्हणालो की पुढे पाचव्या वळणावर वडाखाली सपाट जागा आहे, तेथे थांबू. इतक्या उतारावर उभे केले तर गाडी सरकेल. हे कारण खोटे नव्हते, परंतु खरेही नव्हते. थांबलो की मोटर मागे का ओढत नाही हे त्याने विचारले असते, आणि ते मला लांबवायचे होते.

चौथ्या वळणावर त्याने पुढचा ब्रेक दाबला आणि ब्रेकची दांडी सरळ मुठीला जाऊन टेकली. तिच्यात काही जोर राहिला नव्हता. मागचा ब्रेक थोडा धरीत होता, तोही नुसता किंचाळण्यापुरता. वडाचे झाड समोर दिसले, जवळ आले, आणि आमच्या बाजूने निघून गेले.

"थांबली न्हाय," जोतिराम इतक्या हळू आवाजात म्हणाला की तो मला सांगत होता की स्वतःला, हे समजले नाही.

भीतीविषयी पुस्तकांतून पुष्कळ लिहिलेले असते, आणि मीही ते वाचलेले आहे. काळीज धडधडते, अंगास घाम सुटतो, देव आठवतो. मला देव आठवला नाही. मला फक्त रस्ता ऐकू येत होता. ती गाडी आवाज करीत नसल्यामुळे टायरखालचा प्रत्येक खडा, वाऱ्याचा प्रत्येक फटकारा, जोतिरामचा श्वास, सर्व स्पष्ट ऐकू येत होते. इंजिनाचा आवाज असता तर त्यात थोडे लपता तरी आले असते. मी दोन्ही हात त्याच्या पोटाभोवती घातले, कपाळ त्याच्या पाठीला टेकले आणि डोळे मिटून घेतले. वळण आले की आमची अंगे एका बाजूला कलत. कलणे थांबले की मी समजत असे की अजून आपण रस्त्यावर आहोत.

त्याने पायाने पुढचे पोते ढकलले. ते रस्त्यावर आपटून फुटल्याचा आवाज झाला. गाडी किंचित हलकी झाली आणि मागचा ब्रेक मघापेक्षा बरा लागू लागला. हे मला जाणवले, आणि त्यालाही जाणवले असावे.

"आता तू," तो म्हणाला.

मी कपाळ त्याच्या पाठीत आणखी रुतवले.

"इथं उतार कमी हाय, गाडी सायकलीगत चाललीया. डावीकडं अंग टाक, केरबा. उतर."

मी उतरलो नाही. तो पट्टा संपला आणि गाडीने पुन्हा वेग घेतला. सातव्या वळणावर चाक वाळूवरून घसरले व सावरले. तो पुन्हा म्हणाला की उतर, एकट्याला मला ती आवरता येईल. मी उतरलो नाही. त्यानंतर थोड्याच वेळात तो तिसऱ्यांदा म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"उतर की रं लेका. सोड मला."

मी उतरलो नाही.

तेवढ्यात खालून एसटीचा हॉर्न ऐकू आला. दुपारची वाघजाईवाडीची गाडी घाट चढून येत होती. तो रस्ता असा आहे की वळणावर एसटी आली म्हणजे पायी चालणाऱ्यालासुद्धा कठड्याला चिकटून उभे राहावे लागते. मी डोळे उघडले नाहीत. जोतिरामच्या पोटातील स्नायू माझ्या हातांखाली दगडासारखे घट्ट झाले, मग गाडी एकाएकी उजवीकडे वळली, आणि पाणी ओतावे तसा खडीचा आवाज झाला.

रस्त्याच्या कामासाठी डोंगराच्या कडेला खडीचा ढीग टाकलेला होता. जोतिरामने गाडी त्यात घातली. पुढचे चाक रुतले, आम्ही दोघे उडून त्याच ढिगावर पडलो, आणि गाडी त्याच्या डाव्या पायावर आली. गुडघ्याखालचे हाड मोडले. मला कोपर व गाल खरचटण्यापलीकडे काही झाले नाही.

एसटी थांबली. माणसे धावत आली. मला आठवते ते असे की कंडक्टर माझ्याजवळ बसून माझी बोटे एकेक करून उघडीत होता. पडल्यावरही मी जोतिरामला सोडले नव्हते. त्याला उचलायचे तर आधी माझे हात काढावे लागत होते आणि ते निघत नव्हते. गर्दीतील एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "अशी दोस्ती म्या आजवर बघितली न्हाय." मग बायकांनीही तेच म्हटले, आणि एसटी वाघजाईवाडीस पोचण्यापूर्वी ती गोष्ट तयार झाली होती.

जोतिरामला कराडला नेले. पायात सळई घातली, प्लास्टर केले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकास तो स्वतः सांगे की मी केरबाला तीनदा उतर म्हणालो, पण मला एकट्याला मरू द्यायला तो तयार झाला नाही. हौसाक्काने माझ्यावरून मीठमिरच्या ओवाळल्या. हॉटेलात माझ्यासाठी बाक मोकळा होऊ लागला. बॅटरीच्या गाडीस लोक नावे ठेवीत तेव्हा मी खरे सांगत असे की दोष गाडीचा नव्हता. जोतिराम ऐंशीवर काढत होता, मीच शंभर केली. ते मी सर्वांना सांगितले, आणि सांगताना मला मोठे प्रामाणिक वाटे. लोक म्हणत, बघा, चूकसुद्धा कशी कबूल करतो. जितके मी कबूल करीत गेलो तितका माझा मान वाढत गेला. परंतु रात्री अंथरुणावर पडलो की मला हातांकडे पाहावेसे वाटत नसे.

प्लास्टर निघाले त्या दिवशी जोतिरामने मला दुपारी जेवायला बोलावले. त्याची पत्नी शेवंता वहिनी, एरवी माझ्याशी दोन शब्दांच्या वर न बोलणारी बाई, हिने पहिले ताट मला वाढले. मी म्हणालो की आधी घरधन्याला द्या. ती म्हणाली, "तुमी हुता म्हणून हे ताट वाढायला घरधनी हायती." एवढे बोलून ती विहिरीवरून पाणी आणायला बाहेर गेली.

माझ्याने घास उचलवेना.

"जोतिराम," मी म्हणालो, "मी तुझ्यासाठी बसलो न्हवतो."

तो भाकरी मोडत होता. त्याचा हात थांबला.

"तिन्ही बारीला मला उतरायचं हुतं. पहिल्यांदा म्हणालास तवाच मी ठरवलं, टाकतो अंग. तुझा इचार बी मनात आला न्हाय. तू मरतोस का जगतोस, काय न्हाय. पण हात सुटंनात. मी सोडत हुतो आणि ती सुटत न्हवती. भ्यालो हुतो, एवढंच. मी उतरलो असतो तर तुझा पाय ऱ्हायला असता."

बाहेर विहिरीवर रहाट वाजत होता.

"मला ठावं हाय," तो म्हणाला.

"कसं?"

"माझ्याच पोटाला हुतं की तुझं हात. थरथरत हुतास, दात वाजत हुतं तुझं. माझ्यासाठी बसल्याला माणूस असा धरत न्हाय."

मग मी विचारले की हे ठाऊक असून तू गावभर माझे गुण का गात फिरलास. त्याने भाकरी ताटात ठेवली.

"तू डोळं मिटलं हुतंस न्हवं?"

"व्हय."

"पहिल्यांदा उतर म्हणालो तवा डावीकडं गवत हुतं. पडला असतास, लागलं असतं, जगला असतास. दुसऱ्यांदा दगूड हुतं. तिसऱ्यांदा म्हणालो तवा डावीकडं काय हुतं, सांग."

मी तर काहीच पाहिले नव्हते.

"काय बी न्हवतं," तो म्हणाला. "कठडा तुटल्याली जागा ती. कठडा न्हाय, झाड न्हाय, निस्तं खाली. मला दिसत हुतं, केरबा. मी डोळं उघडं ठेवून म्हणालो. पोतं टाकल्यावर ब्रेक जरा धरला हुता, मला तेवढंच सुचत हुतं. तू हाईस का पोतं हाईस, कायच कळत न्हवतं." भाकरी पुन्हा हाती घेत तो म्हणाला, "मग लोकांला काय सांगू? तू चांगला हाईस असं सांगितलं की मला कुणी काय इचारत न्हवतं."

शेवंता वहिनी घागर घेऊन आत आली. दोघेही गप्प का, असे तिने विचारले. जोतिराम म्हणाला की आमटी तिखट झाली आहे. ती म्हणाली की रोजचीच तर आहे. मग आम्ही दोघांनी ती आमटी शेवटपर्यंत खाल्ली. निघताना तो काठी टेकत दारापर्यंत आला, पण आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले नाही.

पुढे चार महिने मी त्याच्या घराकडे फिरकलो नाही आणि तोही गॅरेजवर आला नाही. त्याची गाडी मी त्यापूर्वीच नीट करून दिली होती. दिवाळीत भाऊबीजेच्या सकाळी तो त्याच गाडीवरून माझ्या दारात येऊन उभा राहिला. आक्काकडे निघालोय, एकट्याला करमत नाही, असे म्हणाला. मी हातपाय धुऊन मागे बसलो.

सड्यावरून परत निघालो तेव्हा घाटाच्या तोंडाशी, उतार सुरू होण्यापूर्वीच, त्याने गाडी उभी केली. मी खाली उतरलो. तो एकटा सावकाश पुढे गेला आणि मी चालू लागलो.

आज त्या गोष्टीस सहा वर्षे झाली. आम्ही वर्षातून तीन-चार वेळा सड्यावर जातो आणि दर वेळी असेच करतो. कोणी विचारले तर मी सांगतो की जेवण जड झाले, पाय मोकळे करावेसे वाटतात. सात किलोमीटर उतरायला मला दीड तास लागतो. मधल्या त्या जागेला अजून कठडा बांधलेला नाही. तेथे मी कडेला उभा राहतो, खाली पाहतो, आणि पुढे जातो. घाट संपतो तेथे एसटीची शेड आहे. जोतिराम तिच्या कट्ट्यावर माझी वाट पाहत बसलेला असतो. इतका वेळ का लागला, असे त्याने मला आजवर एकदाही विचारलेले नाही.